मुंबई ते कराची: पावणेनऊशे किलोमीटर

फोनमध्ये कुठल्याही दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ चुटकीसरशी मिळतो. मुंबई आणि कराची टाका. साधारण ८७५ किलोमीटर, एक तास पस्तीस-छत्तीस मिनिटं. हिशेब सोपा असतो: पृथ्वीच्या गोलावरून दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर काढायचं, त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास धरायचा. त्या दिवशी त्या वाटेवर एक तरी विमान उडतं का, हे त्या हिशेबाला विचारायची गरज पडत नाही. मुंबई-कराची थेट विमान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली.

८७५ म्हणजे किती, ते नीट डोक्यात यावं म्हणून सांगतो. मुंबईहून बंगळुरू विमानाने साधारण ८४० किलोमीटर आहे. दिल्ली साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे कराची बंगळुरूच्या शेजारीच म्हणायची आणि दिल्लीपेक्षा तर चांगलीच अलीकडे. तरी आपल्या मनातल्या नकाशात ती कुठेतरी काबूलच्या बाजूला, थंड कोरड्या डोंगरांत असते. ती आपल्यासारखीच अरबी समुद्रावरची, दमट हवेची, बंदराची, कापडाच्या गिरण्यांची आणि मुशाफिरांची गजबजलेली नगरी आहे, हे विसरायला होतं.

मी एकदा उगाचच त्या सरळ रेषेवर बोट फिरवत गेलो. सांताक्रूझहून रेषा निघते ती वायव्येला समुद्रावर. खंबातच्या आखाताच्या तोंडावरून जाऊन उना-दीवच्या आसपास सौराष्ट्राचा किनारा लागतो. मग काठियावाड तिरका कापत जामनगरला उजव्या हाताला ठेवून सलाया, पुढे कच्छचं आखात, मांडवीच्या पश्चिमेचा किनारा, नलिया. नारायण सरोवर आणि कोटेश्वर जवळून जातात. तिथून पुढे सर खाडी, जिच्या मालकीचा वाद दोन्ही देशांना अजून मिटवता आलेला नाही. ती ओलांडली की सिंधूच्या मुखाशी पसरलेली दलदल, ठठ्ठ्याचा मुलूख आणि कराची. म्हणजे या वाटेचा जवळजवळ निम्मा भाग गुजरातच्याच डोक्यावरून जातो. विमानात बसल्यावर चहा येईपर्यंत पोरबंदर मागे पडलेलं असेल. घड्याळ अर्धा तास मागे करायचं, कारण पाकिस्तानची वेळ आपल्यापेक्षा तेवढी मागे. त्यामुळे दीड तासाचा प्रवास तिकिटावर एका तासाचा दिसे.

आपल्याकडच्या नागरी विमानसेवेची सुरुवात म्हणून जी सांगितली जाते, ती याच दोन शहरांमधली. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. प्रवासी नव्हतेच, टपाल होतं. लंडनहून इम्पीरियल एअरवेजची डाक १९२९ पासून विमानाने कराचीपर्यंत येत होती, पण तिथून खाली मुंबई-मद्रासला जायला तिला रेल्वेचाच आधार. लंडन ते कराची सात दिवसांत आणि पुढचा देश ओलांडायला पुन्हा दिवस घालवायचे, हे टाटांना आणि त्यांचे भागीदार नेव्हिल व्हिन्सेंट यांना पटत नव्हतं. व्हिन्सेंट हे शाही हवाईदलातले माजी वैमानिक. मूळ कल्पना त्यांचीच.

वाटेत अहमदाबादला इंधन भरायला उतरले. इंधनाचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. कराची-अहमदाबाद-मुंबई असं वळसा घालून हजारभर किलोमीटर होतात. ताशी शंभर मैलांच्या वेगाने, रेडिओ नाही, खालून वाट दाखवणारं कुणी नाही, अशा अवस्थेत विमान दुपारी दोनच्या आत जुहूला उतरलं. सव्वासात तास. पुढची डाक घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. हा सव्वासात तासांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुहूचं मैदान म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून सगळा कारभार, दोन विमानं आणि मोजकी माणसं, पुण्याला हलवत; तिथे येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत एक मैदान उतरण्यासाठी मिळालं होतं, असं जे. आर. डी. पुढे गमतीने सांगत. मला ही गोष्ट त्या पहिल्या उड्डाणापेक्षा जास्त आवडते. पहिल्या उड्डाणाचा पुतळा होतो. दर जूनमध्ये बिऱ्हाड उचलून घाट चढणाऱ्या विमान कंपनीचा कुणी करत नाही.

त्या काळात कराची परदेश नव्हतीच, इतकंच काय परप्रांतही नव्हती. सिंध १८४७ पासून मुंबई इलाख्यात होता, तो १ एप्रिल १९३६ ला वेगळा झाला. जवळजवळ नव्वद वर्षं कराचीचे कागद मुंबईच्या सचिवालयात यायचे. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजची मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा द्यायची. कराचीच्या जुन्या बंदर रोडवर, आताच्या जिना रोडवर, एन. जे. व्ही. नावाची सरकारी शाळा आहे. तिची सुरुवात १८५५ ची. ही अक्षरं नारायण जगन्नाथ वैद्य यांची. ते सिंधमधले शिक्षण खात्याचे अधिकारी. सिंधी हिंदूंच्या व्यापारी लिपीला शाळेत चालेल असं वळण देण्याचं कामही त्यांच्याकडे आलं होतं. फाळणी झाली, रस्त्याचं नाव बदललं, शाळेचं नाव राहिलं. कराचीत आजही थोडी मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे गणपती बसतात. दरवर्षी भाद्रपदात त्याचे फोटो फिरतात, आपण कौतुकाने पुढे ढकलतो आणि विसरतो.

मी कल्याणचा. कल्याणकराला कराची शिकवायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. खाडीकडे पाठ करून थोडं पुढे गेलं की उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं ठेवली आणि १९४९ मध्ये त्या छावणीला गावाचं नाव मिळालं. आजही रिक्षावाला पत्ता विचारताना कॅम्प नंबर किती, एवढंच विचारतो. आमच्या ओळखीतल्या एक दादी कॅम्पातून कल्याणला राहायला आल्या होत्या. सिंध्यांच्या घरी गेलं की आधी पापड आणि पाणी येतं. चहाचं नंतर बघू. दादींचा पापड विस्तवावर भाजलेला, मिऱ्याचा, कडेला किंचित करपलेला असायचा. तो त्या स्वतःच्या हाताने मोडून आपल्या पुढ्यात ठेवायच्या, अख्खा द्यायच्या नाहीत. अख्खा दिला की माणूस लाजतो आणि तसाच ठेवतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या लहानपणी बोटीने आल्या होत्या. कराचीच्या केमारी बंदरातून मुंबईला, डेकवर, दोन रात्री. त्यांना आठवत होतं ते वेगळंच: वडिलांनी घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे दिली आणि कुंड्यांना पाणी घाल म्हणून बजावलं. एकदा त्यांनी मला विचारलं, "आता विमानाने किती टाइम लागतो रे?" मी फोनवर पाहून सांगितलं, दीड तास. त्यांनी पापडाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "एवढ्यात तर मी स्लो लोकलने व्हीटीला जाते." मग लगेच विषय बदलून सुनेला हाक मारली. थेट विमान चालू नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ते विचारलंही नव्हतं.

हवेतली वाट बंद होते कशी, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. जमिनीवर काटेरी कुंपण लागतं, चौक्या लागतात. आकाशात एक कागद पुरतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाची त्याच्या जमिनीवरच्या आणि किनाऱ्याजवळच्या समुद्रावरच्या आकाशावर पूर्ण मालकी असते. दुसऱ्याच्या विमानाला न उतरता नुसतं डोक्यावरून जाऊ देणं, याला या व्यवसायात 'पहिलं स्वातंत्र्य' म्हणतात. ते देण्याघेण्याचा वेगळा करार आहे. भांडण झालं की सगळ्यात आधी हेच पहिलं स्वातंत्र्य काढून घेतात, कारण ते काढायला सैन्य हलवावं लागत नाही. वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनांमध्ये, ज्यांना 'नोटॅम' म्हणतात, दोन-चार ओळी टाकल्या की झालं.

याचा सर्वांत मोठा धडा १९७१ चा. ३० जानेवारीला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं 'गंगा' नावाचं फोकर विमान अपहरण करून लाहोरला नेलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तानचे दोन तुकडे होते आणि मधोमध आपण. कराची ते ढाका सरळ साडेतेवीसशे किलोमीटर. बंदीनंतर विमानं कराचीहून कोलंबोला आणि कोलंबोहून ढाक्याला जाऊ लागली. नुसत्या सरळ रेषा जोडल्या तरी साडेचार हजारांच्या वर अंतर होतं. त्या मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात गेलेले सैनिक साध्या प्रवासी विमानांतून याच वळशाने गेले. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्याची कारणं अर्थातच आकाशापेक्षा खूप खोल होती, पण ज्या देशाच्या दोन भागांमधलं अंतर शेजाऱ्याच्या एका आदेशाने दुप्पट होतं, तो देश नकाशावर दिसतो तेवढा एक नसतो. पाकिस्तान या बंदीविरुद्ध आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेकडे गेला, त्यातून प्रकरण हेगच्या न्यायालयापर्यंत पोचलं, १९७२ मध्ये निकालही आला. तोवर ढाका दुसऱ्याच देशाची राजधानी झाली होती. दोन्ही देशांमधली विमानं पुन्हा उडाली ती १९७६ मध्ये.

पुढच्या खेपा थोडक्यात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून बंद, १ जानेवारी २००४ ला सुरू. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते १६ जुलैला उघडलं. त्या काळात इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला थांबावं लागे, आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत एअर इंडियाचा तोटा ४९१ कोटींवर गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. मग पहलगाम. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने, ३० एप्रिलला भारताने एकमेकांच्या विमानांना दार लावलं. तेव्हापासून दर महिन्याच्या तेवीस-चोवीस तारखेच्या आसपास दोन्हीकडून महिनाभराची मुदतवाढ निघत राहिली, २०२५ साल सरलं तरी. भाडेकरार वाढवावा तशी. यात दिल्ली-अमृतसरकडून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचे हाल जास्त. अमेरिकेहून परतणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनाला उतरावं लागलं. ताश्कंद आणि अल्माटी ही दिल्लीहून हाकेच्या अंतरावरची गावं. इंडिगोला तिथली उड्डाणंच थांबवावी लागली.

मुंबई-कराची थेट विमान मात्र यातल्या कुठल्याही संकटाने मेलं नाही. ते प्रवासी नसल्याने मेलं. भारतीय कंपन्यांनी ते आधी सोडलं, नंतर पाकिस्तानच्या कंपनीने गेल्या दशकात. विमान भरत नाही, परवडत नाही, इतकं साधं कारण. आता दोन्हीकडे मिळून काही कोटी वस्तीची शहरं, दोन्हीकडे फाटलेली कुटुंबं, आणि आठवड्यातून एक-दोनदा जाणारं विमान भरू नये? त्याचं उत्तर व्हिसाच्या अर्जात आहे. हा व्हिसा देशाचा मिळत नाही, ठरावीक शहरांचा मिळतो. पोचल्यावर पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद. कराचीतली भारताची वकिलात १९९४ च्या अखेरीस बंद झाली. त्यानंतर कराचीच्या माणसाने मुंबईला यायचं म्हटलं की अर्ज इस्लामाबादला. कराची ते इस्लामाबाद अकराशे किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा लांब. पावणेनऊशेवर येण्याची परवानगी मागायला उलट दिशेला अकराशे. एवढा द्राविडी प्राणायाम करून कोण विमान भरणार? आणि एप्रिल २०२५ नंतर तर व्हिसाच थांबले. रेल्वेचं दार आणखी आधी लागलं: मुनाबाव-खोखरापारची थार एक्स्प्रेस चार दशकांनी २००६ मध्ये सुरू झाली होती, ती ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बंद पडली.

कागदपत्रं जवळ असलेल्याला उरते ती आखातातली वाट. मुंबई-दुबई १९२५ किलोमीटर, दुबई-कराची ११९० च्या आसपास. दोन्ही मिळून एकतीसशे, म्हणजे मूळ अंतराच्या साडेतीन पट. तीन तास उड्डाण, मध्ये थांबा, मग दोन तास. जोड चांगली जमली तर सात-आठ तास, एरवी बारा-पंधरा. म्हणजे जेट विमान आणि उपग्रहावरचं दिशादर्शन असूनही आपण फार तर बैलगाडीतून आणलेल्या इंधनावर चालणाऱ्या त्या पस मॉथच्या बरोबरीला येतो, आणि बहुतेक वेळा तिच्या मागेच राहतो. सव्वासात तास लक्षात ठेवा म्हटलं होतं ते याच्यासाठी.

दुबईत मात्र एक वेगळीच गंमत चालते. तिथे नोकरी करणारा माझा एक मित्र आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरचा कराचीवाला, दोघंही सुट्टीत एकाच विमानतळावरून घरी जातात. कराचीवाला तासभर आधी पोचतो आणि त्याबद्दल याला चिडवतो. दोघांच्या आया एकमेकींना मसाले पाठवतात. मित्राच्या आईने गोडा मसाला पाठवला, तिकडून बिर्याणीचा आला. पुडी डोंबिवलीहून निघून कराचीला पोचायला कधी सहा महिने लागतात, कारण कुणाची तरी सुट्टी मंजूर व्हावी लागते. अशा प्रवासाची वेळ कुठल्या गणितात बसवणार?

पण वळसा म्हणजे काय, हे खरं विचारायचं तर पालघरच्या मच्छीमारांना. डहाणू-तलासरीकडची कितीतरी माणसं, त्यात आदिवासी पुष्कळ, हंगामात पोरबंदर, वेरावळ, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सर खाडीचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे तिथून समुद्रात आखायची रेषाही पक्की ठरलेली नाही. मासळी जिकडे असेल तिकडे तांडेल बोट घालतो. पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने पकडलं की बोट कराचीला आणि माणसं मलीरच्या तुरुंगात. त्यांच्या मच्छीमारांचं आपल्याकडे असंच होतं. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला आपापल्याकडच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत नाव दिसलं की घरच्यांना निदान माणूस जिवंत असल्याचं कळतं. घर चालवायला बाई मजुरीला जातेच.

शिक्षा संपली म्हणून सुटका झाली असं होत नाही. राष्ट्रीयत्वाची खात्री, मग दोन सरकारांची मर्जी. आणि सोडतात ते समुद्रातून नव्हे. कराचीहून लाहोरपर्यंत बाराशे किलोमीटर, वाघा सीमेवर चालत इकडे, अमृतसर, आणि तिथून रेल्वेने जवळजवळ अठराशे किलोमीटर खाली आपल्या गावी. दुबईच्या वाटेएवढंच अंतर भरतं, फक्त विमानाऐवजी रेल्वेचा डबा. ज्या समुद्रातून ती माणसं गेली तिथून ओखा बोटीने दिवसभराच्या अंतरावरही नाही.

बोटी बहुतेक परत येत नाहीत. त्या कराचीच्या धक्क्याला बांधून ठेवलेल्या असतात, लाकूड कुजतं, इंजिनं गंजतात. मालकाचं कर्ज इकडे चालू राहतं आणि पुढच्या हंगामात खलाशांची मजुरी त्यापायीच कापली जाते. एकदा दोन्हीकडच्या सरकारांनी मोठ्या मनाने बोटी सोडायचं ठरवलं तर एका दिवस-रात्रीचं काम आहे. बोटीला तर व्हिसाही लागत नाही.